लीलेच्या दालनातले काळ

पतीला मरण येऊ नये असे वाटणाऱ्या स्त्रिया आपल्या कथापरंपरेत पुष्कळ आहेत. सावित्री तर यमाच्या मागोमाग चालत गेली आणि त्याला त्याच्याच शब्दांत अडकवून सत्यवानाचे आयुष्य परत घेऊन आली. योगवासिष्ठातील राणी लीला मात्र फार निराळ्या वाटेने जाते. पद्मराजावर तिचा जीव आहे, राज्य भरभराटीला आले आहे, दोघांचे तारुण्य अजून ओसरलेले नाही. आणि नेमक्या या सुखाच्या भरात तिच्या मनात येते, की हा राजा अजरामर कसा होईल? ती विद्वान ब्राह्मणांना विचारते. तपाने आणि जपाने सिद्धी मिळतात, अमरत्व मिळत नाही, असे ते सांगतात. मग ती कोणाला न सांगता सरस्वतीची आराधना करते, आणि देवी प्रसन्न झाल्यावर दोन वर मागते. एक, आपण हाक मारू तेव्हा देवीने दर्शन द्यावे. आणि दुसरा असा, की राजा आपल्या आधी गेला, तर त्याच्या जीवाने या अंतःपुराच्या दालनाबाहेर जाऊ नये.

या दुसऱ्या वरापाशी आपण थोडे रेंगाळू या, कारण साऱ्या उपाख्यानाचे बीज त्यात आहे. काळ मागून मिळत नाही, असे कळल्यावर लीलेने जागा मागितली. आयुष्याची वर्षे वाढत नसतील तर न वाढोत, पण जो जाईल तो कोठे जाईल एवढे तरी आपल्या हाती असावे, चार भिंतींच्या आत असावे, ही तिची मागणी. किती साधी, किती बायकोच्या मनाची! मागताना तिला कल्पनाही नाही, की या एका मागणीने तिने आपल्या शयनगृहात एक अख्खे विश्व ओढून आणले आहे. त्या विश्वाला स्वतःचे पर्वत आणि सागर असतील, स्वतःची युद्धे असतील, आणि मुख्य म्हणजे स्वतःचा काळ असेल. मरणाच्या सीमेवर काळाशी भांडण्याऐवजी अवकाशाशी करार करणारी ही नायिका भारतीय साहित्यात मला तरी एकटीच दिसते.

हे उपाख्यान योगवासिष्ठाच्या उत्पत्तिप्रकरणात 15व्या सर्गाच्या आसपास सुरू होते आणि 60व्या सर्गापर्यंत पसरत जाते. ग्रंथाचे मूळ रूप ‘मोक्षोपाय’ या नावाने दहाव्या शतकातल्या काश्मीरमध्ये रचले गेले, असे आजचे अभ्यासक मानतात. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस शाहजादा सलीमसाठी निजाम पानिपतीने त्याचे फारसी रूपांतर केले; आणि मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकरांच्या संपादनाखाली टीकेसह त्याची जी आवृत्ती काढली, तिने विसाव्या शतकातल्या अनेक वाचकांच्या हाती हा ग्रंथ दिला. तत्त्वज्ञानाचा ग्रंथ म्हणून त्याची पारायणे झाली, टिपणे झाली. आज आपण त्यातली ही एक गोष्ट केवळ गोष्ट म्हणून चाखू, कारण तिचे तत्त्वज्ञान तिच्या तपशिलांत इतके मुरलेले आहे की ते वेगळे पिळून काढायची गरज नाही.

राजा मरतो. लीला शोकाने व्याकूळ होते, तेव्हा देवी सांगते: शव फुलांनी झाकून ठेव, ती फुले कोमेजणार नाहीत, देह नासणार नाही, आणि तो पुन्हा तुझा पती होईल. पाहा, काळ मागितला तेव्हा जो नकार मिळाला, तो आता किती नाजूक रीतीने सैल होतो! साऱ्या राजवाड्यात रात्र पुढे सरकते आहे, दिव्यांतले तेल कमी होते आहे, पहारेकरी बदलत आहेत. आणि मधोमध एक पुष्पराशी अशी आहे, की तिच्यापाशी काळाचे काही चालत नाही. घटिकापात्राने वेळ मोजणाऱ्या जगात फूल हेही एक घड्याळच होते. सकाळचे फूल संध्याकाळी काय सांगते, ते कोणाला शिकवावे लागत नाही. कवीने तेच घड्याळ निवडले आणि तेवढे थांबवले. शवाभोवती दर्प नाही, विटलेपण नाही, म्हणून या दालनात मरण हे घडून गेलेले कृत्य राहत नाही, ते लांबवर ताणलेली एक प्रतीक्षा होते.

मध्यरात्री लीला देवीला बोलावते. पती आता कोठे आहे, कसा आहे, हे तिला पाहायचे आहे. सरस्वती तिला तीन आकाशांची गोष्ट सांगते: पंचभूतांचे भूताकाश, मनाचे चित्ताकाश, आणि या दोहोंना व्यापून असलेले चैतन्याचे चिदाकाश. आपण ज्यांना परिमाणे म्हणू, ती येथे लांबी, रुंदी, उंची अशी दिशांनी मोजलेली नाहीत. एकाच ठिकाणी एकात एक मिसळून असलेले हे अवकाश आहेत आणि कोणात जागे व्हायचे हे पाहणाऱ्याच्या चित्तावर अवलंबून आहे. लीला समाधीत जाते आणि त्याच दालनाच्या आकाशात तिला राजा दिसतो: सिंहासनावर बसलेला, राजेरजवाड्यांनी वेढलेला, ऐन उमेदीतला. तिच्यासाठी जो काही घटिकांपूर्वी गेला, तो तेथे राजा म्हणून चांगला रुळलेला आहे.

आणि आता तो तपशील, ज्याच्यासाठी मी हे उपाख्यान पुन्हा पुन्हा उघडतो. त्या परक्या सभेत लीलेला काही अनोळखी चेहरे दिसतात, पण बरेचसे ओळखीचे दिसतात. आपल्याच दरबारातले मंत्री, आपलेच सेवक. तिला धस्स होते. म्हणजे राजाबरोबर हेही सारे मेले की काय? समाधीतून उठून ती काय करते? ती देवीला विचारत नाही, शास्त्र उघडत नाही. ती अपरात्री दासींना उठवते, राजसभा भरवायला सांगते, रिकाम्या सिंहासनाशेजारी जाऊन बसते आणि एकेका सभासदाचे तोंड निरखून पाहते. सगळे जिथल्या तिथे आहेत, झोपमोडीने थोडे गोंधळलेले. तिचा जीव भांड्यात पडतो, आणि त्याच क्षणी नवा पेच उभा राहतो: हे येथेही आहेत आणि तेथेही आहेत. आरशात पर्वत दिसावा तसा हा प्रकार, असे तिला वाटते. पर्वत बाहेरही आहे आणि आरशाच्या आतही आहे. मग यांतली मूळ सृष्टी कोणती, प्रतिबिंब कोणते?

दिव्य दर्शन झाल्यावर डोळे मिटून धन्य होणारी माणसे कथांमधून खूप भेटतात. दर्शन पडताळून पाहण्यासाठी मध्यरात्री हजेरी घेणारी राणी मात्र विरळा! तिच्या त्या शंकेखोर, शोकाकुल, पण विलक्षण जाग्या बुद्धीमुळेच पुढचे सारे अद्भुत आपल्याला पटत जाते. आपल्याला पडणारे प्रश्न ती आपल्या आधी विचारते.

तिने विचारलेल्या मूळ-प्रतिबिंबाच्या प्रश्नाला देवी तर्काने उत्तर देत नाही, एक लहानशी हकिकत सांगते. एका डोंगराळ गावात वसिष्ठ नावाचा ब्राह्मण राहत होता, त्याच्या पत्नीचे नाव अरुंधती. (कथा सांगणारे ऋषीही वसिष्ठच, हे कवीने जाणूनबुजून केलेले असणार.) एके दिवशी डोंगरावर बसलेला असताना त्याने खालून जाणारा एका राजाचा लवाजमा पाहिला, हत्ती, छत्रे, चवऱ्या पाहून त्याच्या मनात आले, की असे वैभव आपल्याला कधी मिळेल? ती इच्छा मनात घेऊन तो मेला. अरुंधतीने देवीकडून आधीच वर मिळवला होता, की पतीचा जीव आपल्या घराबाहेर जाऊ नये. तो जीव त्या झोपडीतल्या आकाशातच राजा झाला. शोकाने देह सोडलेली अरुंधती त्याची राणी झाली. लीले, तो राजा म्हणजे तुझा पद्म आणि ती राणी म्हणजे तू. त्या ब्राह्मणाला जाऊन आज आठवा दिवस.

अरुंधतीचा वर आणि लीलेचा वर एकच आहे, हे येथे लक्षात येते आणि अंगावर काटा येतो. आपली मागणी आपली एकटीची आहे, असे लीलेला वाटत होते. ती तर आधीच एकदा मागून झालेली होती आणि तिच्याच पूर्णतेत लीला आजवर जगत होती. तिचा विवाह, तिचे राज्य, तिची सुखाची वर्षे, ते ब्राह्मणांना विचारणे, ती आराधना, हे सगळे एका गरीब घरात, घरचे लोक सुतकात असताना, आठ दिवसांत घडले. आणि या उलगड्यात खेद करण्यासारखे काही नाही, उलट एक विलक्षण कोवळीक आहे: दोन जन्मांत, दोन काळांत, दोन वेगळ्या स्त्रियांनी प्रेमापोटी एकच गोष्ट मागावी! सृष्टी बदलली, सातत्य उरले ते या मागणीचे.

लीलेला हे पटत नाही. कसे पटावे? तिच्या तोंडी कवीने जी अविश्वासाची चित्रे घातली आहेत, ती साऱ्या ग्रंथातल्या सर्वांत खुसखुशीत ओळींपैकी असतील: मोहरीच्या दाण्याच्या ढोलीत मत्त ऐरावत बांधून ठेवला म्हणावे, अणूच्या पोकळीत डासाने सिंहांच्या कळपाशी झुंज घेतली म्हणावे, कमळाच्या बीजात ठेवलेला मेरू भुंग्याच्या पिल्लाने गिळून टाकला म्हणावे, तसलेच हे बोलणे! जो सिद्धान्त प्रस्थापित करायचा आहे, त्याच्याविरुद्धची उत्तमोत्तम उपमाने कवी प्रतिपक्षाला बहाल करतो, यात त्याचा केवढा आत्मविश्वास दिसतो. शिवाय एक गंमत घडते. अशक्य म्हणून लीलेने मांडलेली ती चित्रे आपल्या डोळ्यांसमोर तत्काळ उभी राहतात. मोहरीतला ऐरावत आपण पाहतोच. म्हणजे मनाच्या आकाशात त्याला पुरेशी जागा आहे, हे लीलेच्याच बोलण्याने सिद्ध झाले. देवीला फारसे काही करावेच लागत नाही.

काळाच्या निराळ्या गती आपल्या पुराणांना नव्या नाहीत. भागवतातला ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी जातो, तेथे गायन चालू असते म्हणून क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर 27 चतुर्युगे उलटून जातात. रेवतीचे लग्न मग बलरामाशी होते. पण त्या कथेत एक शिडी आहे. वरच्या लोकातला क्षण मोठा, खालच्या लोकातला लहान; ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे आपली 1000 चतुर्युगे, असे कोष्टकच ठरलेले आहे. लीलेच्या कथेने ही शिडी काढून घेतली. येथे मोठे साम्राज्य पोटात घेऊन बसले आहे ते एक खेड्यातले घर. ज्याच्या आत दुसरा काळ आहे तो लोक थोर नाही, दिव्य नाही. तेथे गुरे आहेत, सुतक आहे, रडणारा मुलगा आहे. आणि कोष्टक मांडू गेलो तर गणित जुळतही नाही. कोठे आठ दिवसांत एक अख्खे राजजीवन, कोठे, पुढे दिसेल तसे, एका दिवसात 70 वर्षे. शिवाय देवी उदाहरण देते, की हरिश्चंद्राला एका रात्रीत बारा वर्षांचा अनुभव आला आणि विरही माणसाला एक दिवस वर्षासारखा जातो. जेवढे जगणारे, तेवढे काळ.

येथे भौतिकशास्त्राची आठवण होणे साहजिक आहे, आणि ती नीट करून घेतली तर कथेचा रस वाढतोच. 1971मध्ये हाफेले आणि कीटिंग या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी सीझियमची चार आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली. जमिनीवरच्या घड्याळाशी ताडून पाहता पूर्वेकडे गेलेली घड्याळे सुमारे 59 नॅनोसेकंदांनी मागे पडलेली आणि पश्चिमेकडे गेलेली सुमारे 273 नॅनोसेकंदांनी पुढे गेलेली आढळली. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेने वर्तवले होते तसेच. पण तेथे एका घड्याळाचा काळ दुसऱ्याच्या काळात बदलून घेण्याचा पक्का नियम आहे, वेग आणि गुरुत्वाकर्षण कळले की आकडा हाती येतो. लीलेच्या दालनात असा विनिमयाचा दर नाही. म्हणून या कथेला सापेक्षतेची पूर्वसूचना म्हणण्याचा मोह आपण टाळू या. तो दोघांवरही अन्याय होईल. शास्त्र मोजलेल्या काळाबद्दल बोलते, कवी भोगलेल्या काळाबद्दल.

लीलेला ते ब्राह्मणाचे घर पाहायचे असते. या देहाने जाता येईल का, असे ती विचारते, आणि देवी नाही म्हणते: दुसऱ्याच्या संकल्पातल्या नगरीत आपला हाडामांसाचा देह नेता येत नाही, तेथे आतिवाहिक म्हणजे चित्ताचा सूक्ष्म देह हवा. मग सुरू होतो तो प्रवास. दोघी आकाशात झेपावतात. मेघ, सिद्धांचे मार्ग, ग्रहताऱ्यांचे पट्टे, लोकांवर लोक मागे पडतात, ब्रह्मांडाचे कवच भेदून त्या पलीकडे जातात. कवीची लेखणी येथे ओसंडून वाहते. आणि या अफाट उड्डाणाला टाचणी लावल्यासारखे एक वाक्य कवी हळूच टाकतो: त्या दोघी खरे तर त्याच दालनात, वीतभर जागेतच होत्या. आपला श्वास अडकतो. कोटी कोटी योजने आपणही उडालो होतो. आता मागे वळून पाहतो तो उंबरठाही ओलांडलेला नाही.

त्या डोंगरी घरी पोहोचल्यावर लीलेला सारे आठवू लागते: अंगण, आपण लावलेली झाडे, गुरे, घरातली रोजची कामे. राणीच्या मनातून गृहिणी वर येते. थोरला मुलगा ज्येष्ठशर्मा आईबापांच्या दुःखात बुडालेला आहे. समोर आलेल्या दोन तेजस्वी स्त्रिया त्याला वनदेवता वाटतात. लीला त्याच्या मस्तकावर हात ठेवते, त्याचे दुःख हलके होते. पण ‘मी तुझी आई’ असे ती सांगत नाही. दशरथाच्या सभेत बसून ही कथा ऐकणारा राम येथे न राहवून विचारतो, की तिने मुलाला आईच्या रूपात दर्शन का दिले नाही? वसिष्ठ उत्तर देतात, की जिला देहाचे मिथ्यापण कळले, तिला आता कोणते रूप आईचे म्हणून धारण करावेसे वाटणार? उत्तर शास्त्राला धरून आहे. पण आपल्या लक्षात राहतो तो रामाचा प्रश्न, आणि लक्षात राहतो तो मस्तकावरचा हात. रूप सुटले तरी स्पर्श सुटला नाही, हे कवीने न बोलता दाखवले आहे.

पुढे त्या दोघी विदूरथ राजाच्या नगरीत जातात. पद्माचा जीव तेथे विदूरथ झालेला आहे. सिंधुराजाशी घनघोर युद्ध पेटले आहे, रात्र पडली आहे, शत्रू नगराच्या दाराशी आला आहे. देवी विदूरथाच्या मस्तकाला स्पर्श करते आणि त्याला पूर्वजन्म आठवतो. त्या वेळचा त्याचा विस्मय किती मानवी आहे! मला मरून एकच दिवस झाला, आणि येथे तर मी 70 वर्षे जगलो. बालपण आठवते, मित्र आठवतात, आजोबासुद्धा आठवतात. आजोबा! या एका तपशिलावर मी लुब्ध आहे. कालच जन्माला आलेल्या जगाला स्वतःचा भूतकाळ आहे, आणि तो पाहणाऱ्याच्या जन्माच्याही मागे पोहोचतो. नवे विश्व सुरू होते ते मधूनच, आठवणींसकट, वंशावळीसकट. मग आपल्या आठवणींच्या साक्षीने जगाचे वय ठरवायला बसलेला कोणताही माणूस थोडा अस्वस्थ होईल, आणि त्या अस्वस्थतेत एक गोड गिरकीही त्याला लागेल.

याच महालात लीलेला स्वतःची प्रतिमा भेटते: विदूरथाची राणी, नावाने लीला, रूपाने लीला. पद्माने मरताना मनात जी बाळगली होती, तिच्यासह त्याचे नवे जग उभे राहिले, असे देवी सांगते. मत्सराचा केवढा प्रसंग रंगवता आला असता! येथे दोघी समोरासमोर उभ्या राहतात आणि आपल्या मनात येते, की प्रेमात आपण दुसऱ्याच्या चित्तात असे एक रूप घेऊन राहतोच. लीलेला ते रूप भेटण्याचा योग आला, एवढेच.

आणि हे सारे चालू असताना अयोध्येत काय चालले आहे? योगवासिष्ठात मधूनमधून एक पालुपद येते: मुनी बोलत असता दिवस सरला, सूर्य मावळला, सभा सायंस्नानासाठी उठली, आणि सकाळी सूर्यकिरणांबरोबर पुन्हा भरली. कथेत 70 वर्षे जावोत की आठ दिवस, दशरथाच्या सभेचा सूर्य आपल्या वेळेला मावळतो. प्रथम हे पालुपद नुसते विरामचिन्ह वाटते. लीलेची कथा रिचवल्यावर मात्र त्याच श्लोकाकडे आपण साशंक नजरेने पाहतो: हा तरी कोणाच्या दालनातला सूर्य?

युद्धात विदूरथ पडतो. त्याचा जीव ब्रह्मांडे ओलांडून त्याच दालनात, त्याच न कोमेजलेल्या फुलांखालच्या देहात परततो, आणि पद्म झोपेतून उठावा तसा उठून बसतो. समोर दोन लीला. पहिलीचा मागे ठेवलेला देह निष्प्राण समजून मंत्र्यांनी केव्हाच दहन केलेला आहे. आता ती आहे ती संकल्पाच्या देहाने. राजा विचारतो, तू कोण आणि ही कोण? उत्तर मिळते, नगारे वाजतात, आणि तिघे मिळून 80,000 वर्षे राज्य करून मुक्त होतात.

80,000 वर्षे! जो काळ ब्राह्मणांनी नाकारला होता, तो असा भरभरून मिळाला. आणि कवी त्याला किती जागा देतो? जेमतेम काही श्लोक. एका रात्रीच्या शोधाला मात्र त्याने 40हून अधिक सर्ग दिले आहेत: ती मध्यरात्रीची सभा, ते वीतभर जागेतले उड्डाण, मुलाच्या मस्तकावरचा हात, विदूरथाचे आजोबा. संपूर्ण कथेत काळाची जेवढी मापे आली, त्यांतले हे शेवटचे माप कवीचे स्वतःचे आहे आणि ते श्लोकसंख्येने मोजलेले आहे. सुखाने सरलेली हजारो वर्षे त्याच्या लेखी एका दमात सांगून होतात. जिच्यात एक स्त्री प्रश्न विचारीत जागी राहिली, ती रात्र मात्र त्याला संपता संपत नाही.